पहारेकरी की हमाल?

सिसिली बेटाच्या ईशान्य टोकाला मेसिना नावाचं बंदर आहे. १८८३ साली तिथे रुडॉल्फ विर्खो आला होता. रोग म्हणजे पेशींमध्ये झालेला बिघाड, हे जगाला शिकवणारा हा जर्मन डॉक्टर. युरोपातल्या विकृतिशास्त्रात त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. मेसिनात मुक्काम टाकून बसलेल्या इल्या मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने त्याला सूक्ष्मदर्शकाखालचे आपले नमुने दाखवले आणि तर्कही सांगितला. शरीरातल्या काही फिरत्या पेशी बाहेरून घुसलेल्या गोष्टींना गिळतात, पचवतात आणि त्यातूनच शरीराचं रक्षण होतं, असा तो तर्क होता. विर्खोने कौतुक केलं, पण सबुरीने घ्या असंही बजावलं. कारण त्या काळी डॉक्टरांना नेमकं उलटं शिकवलं जात होतं. पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसतात ते तिथे त्यांना आयतं खाद्य मिळतं म्हणून, आणि याच पेशी त्यांना अंगभर पोहोचवतात, असं मानलं जाई. मेचनिकॉफला जे पहारेकरी वाटत होते, ते डॉक्टरांच्या लेखी हमाल होते.

विज्ञानाच्या लोकप्रिय इतिहासात हा प्रसंग जुन्या मताचा पराभव म्हणून सांगितला जातो. विर्खोवर आणि त्या डॉक्टरांवर हा थोडा अन्यायच आहे. सव्वाशे वर्षांनी, २००९ साली, बडोद्याच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या ललिता रामकृष्णन यांनी सिअॅटलमधल्या प्रयोगशाळेत काचेसारख्या पारदर्शक माशांच्या पिल्लांमध्ये क्षयाचे जंतू पसरताना पाहिले, तेव्हा ते जंतू पांढऱ्या पेशींमध्ये बसूनच प्रवास करत होते. मधल्या आणि नंतरच्या काळात एक वाटून दिलेलं नोबेल, मुंबईतला प्लेग, सांधेदुखीवरची महागडी इंजेक्शनं आणि कोविडचे आयसीयू एवढं सगळं येऊन जातं.

मेचनिकॉफ डॉक्टर नव्हता, आणि ते त्याच्या पथ्यावर पडलं. जन्म १८४५चा, आजच्या युक्रेनमधल्या खार्किवजवळच्या खेड्यातला. चार वर्षांचा विद्यापीठाचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत संपवला आणि समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्यांच्या मागे लागला. स्पंज, जेलीफिश, तारामासे यांच्या अळ्या आणि गर्भ बघून प्राणिसृष्टीची वंशावळ जुळवणं हे त्याचं मूळ काम. माणूस अतिशय तापट आणि हळवा. पहिली बायको ल्युडमिला क्षयाने इतकी खंगलेली होती की १८६९ साली लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. चार वर्षांत मदेरा बेटावर ती वारली. त्यानंतर त्याने अफूचा अर्क घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. मात्रा जास्त झाल्याने उलटी झाली आणि तो वाचला. दुसरी बायको ओल्गा १८८०मध्ये विषमज्वराने आजारी पडली, तेव्हा त्याने पुन्हा एकदा मरणाशी खेळ केला. या वेळी स्वतःला उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचं रक्त टोचून घेतलं. मेलो तर सुटलो आणि नाही मेलो तर हा रोग रक्तातून पसरतो का हे तरी कळेल, असा हिशेब! दोघंही बरी झाली. झार दुसरा अलेक्झांडर याच्या खुनानंतर ओडेसा विद्यापीठात राजकारण माजलं, त्याला कंटाळून १८८२मध्ये त्याने प्राध्यापकी सोडली आणि ओल्गाच्या पोरक्या धाकट्या भावंडांसह मेसिना गाठलं.

तिथला प्रयोग प्रसिद्ध आहे. घरची मंडळी माकडांचे खेळ बघायला सर्कशीला गेली होती आणि हा एकटाच तारामाशाच्या अळीत हिंडणाऱ्या पेशी बघत बसला होता. या पेशी अन्नाचे कण गिळतात हे त्याला आधीपासून माहीत होतं. पेशीच्या आत होणाऱ्या पचनावर त्याचं काम कित्येक वर्षं चालूच होतं. त्या दिवशी नवा विचार आला तो असा: शरीरात घुसलेल्या उपऱ्या वस्तूचाही या पेशी असाच समाचार घेत असतील तर? तसं असेल, तर काटा मोडलेल्या बोटाभोवती पू जमतो तशा या पेशी अळीत खुपसलेल्या काट्याभोवती जमायला हव्यात. बागेत जाऊन त्याने गुलाबाचे काटे आणले आणि पाण्यासारख्या नितळ अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पाहतो तर प्रत्येक काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला.

ही हकीकत त्याने स्वतःच लिहिली, पण तब्बल पंचवीस वर्षांनी. १९०८च्या डिसेंबरात भूकंपाने मेसिना जमीनदोस्त झालं, त्या निमित्ताने. तोवर तो जगप्रसिद्ध झाला होता, तेव्हा आठवणींना थोडी झळाळी आलेली असणारच. प्रयोग मात्र खरा आणि त्यातली खोच फार मोलाची.

ती खोच कळायला त्या काळी दाहाविषयी काय समजूत होती ते पाहावं लागतं. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच नोंदवली होती. विर्खोचाच शिष्य यूलिउस कोनहाइम याने १८६७मध्ये जिवंत बेडकाच्या आतड्याचा पातळ पडदा काचेवर पसरून दाह प्रत्यक्ष घडताना पाहिला. रक्तवाहिन्या रुंदावतात, प्रवाह मंदावतो, पांढऱ्या पेशी भिंतीच्या कडेने रांग लावतात आणि मग भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात. अप्रतिम निरीक्षण. पण कोनहाइमने निष्कर्ष काढला की बिघाड वाहिनीच्या भिंतीत आहे. भिंत सैल होते म्हणून पेशी बाहेर पाझरतात. म्हणजे दाह ही एक प्रकारची गळती. पेशी तिथे जातात असं नव्हे, वाहून येतात.

आता मेचनिकॉफची अळी आठवा. तिला रक्तवाहिन्या नाहीत. त्या अवस्थेत रक्त नाही आणि रुंदावायला काही नाही. तरीही पेशी चालत काट्यापर्यंत गेल्या. प्राणिशास्त्रज्ञाने घातलेला हा पेच डॉक्टरांना सुचणं शक्यच नव्हतं, कारण त्यांचा रुग्ण कायम रक्तवाहिन्यांसकट यायचा. मेचनिकॉफचं म्हणणं असं की दाहाचा गाभा म्हणजे इजेच्या जागी स्वतःहून चालत जाणारी भक्षक पेशी. रक्तवाहिन्या, मज्जातंतू, लाली, ठणका हा सगळा उत्क्रांतीत मागाहून जोडला गेलेला सरंजाम. त्या पेशींना लवकर पोहोचवण्यासाठी केलेली सोय. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १८९१ साली दिलेल्या व्याख्यानांत त्याने अमिबापासून सुरुवात करून एकेक पायरी चढत ही मांडणी माणसापर्यंत नेली. सूज म्हणजे आजार नसून आजारावरची प्रतिक्रिया आहे, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. तेव्हा ते पाखंड होतं.

काट्याचा प्रयोग झाला, पण काटा म्हणजे जंतू नव्हे. पुढचा पुरावा त्याला डबक्यातल्या डॅफ्निया या सूक्ष्म पाणपिसूत मिळाला. हिचंही अंग पारदर्शक. तिला एका बुरशीचा रोग होतो. सुईसारखे टोकदार बीजाणू अन्नाबरोबर पोटात जातात आणि आतड्याची भिंत भेदून देहाच्या पोकळीत शिरतात. तिथे रक्तपेशी त्यांना घेरतात. गिळून विरघळवता आलं तर पिसू वाचते, एखादा बीजाणू निसटून त्याला अंकुर फुटले तर मरते. रोग होणं न होणं ही पेशी आणि परजीवी यांच्यातली झुंज आहे आणि ती डोळ्यांनी बघता येते, हे १८८४मध्ये छापून आलं आणि तेही विर्खोच्याच नियतकालिकात. सबुरीचा सल्ला देणाऱ्याने जागाही दिली, हे विर्खोच्या खाती जमा करायला हवं.

जर्मनीत सगळेच इतके उदार नव्हते. बर्लिनच्या जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखला त्याने आपल्या स्लाइड दाखवल्या. कॉखने त्यांना भीक घातली नाही. १८९०मध्ये कॉखच्याच गोटातल्या एमिल बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवलं की धनुर्वाताला सरावलेल्या प्राण्याच्या नुसत्या रक्तद्रवाने, पेशी काढून टाकल्या तरी, दुसऱ्या प्राण्याचं रक्षण होतं. झालं! प्रतिकारशक्ती पेशींत नाही, द्रवात आहे, असा बर्लिनचा पुकारा सुरू झाला. पॅरिस विरुद्ध बर्लिन हे भांडण पंधरा-वीस वर्षं चाललं आणि त्यात फ्रेंच-जर्मन वैराची फोडणी होतीच. गंमत अशी की रक्तद्रवाच्या बाजूचा एक बिनतोड पुरावा मेचनिकॉफच्याच प्रयोगशाळेत निघाला: ज्यूल बोर्दे या तरुण बेल्जियन सहकाऱ्याने प्रतिपिंडांबरोबर काम करून जंतू फोडणारा रक्तातला घटक तिथे शोधला. १९०८चं नोबेल मेचनिकॉफ आणि बर्लिनच्या पंथाचा पाउल एरलिख यांना विभागून दिलं गेलं. प्रतिपिंड जंतूंना चिकटतात आणि त्यामुळे भक्षक पेशींना ते गिळणं सोपं जातं, हे तोवर लंडनच्या आल्मरॉथ राइटने दाखवलंच होतं. भांडण मिटवायला ते पुरेसं होतं, पण भांडणारे इतक्या सहज कुठे मिटवतात.

मेचनिकॉफचा ओडेसातला एक विद्यार्थी मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. परळच्या संस्थेला ज्याचं नाव आहे तो वाल्देमार हाफकिन. गुरूच्या पाठोपाठ तो पॅरिसला गेला. सुरुवातीला पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली. १८९२मध्ये त्याने पटकीची लस तयार करून आधी स्वतःला टोचली आणि पुढच्या वर्षी भारतात आला. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात आकाशिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरने प्लेगचं निदान केलं आणि ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत दाखल झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, तिच्याबाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्यावर काम सुरू झालं.

लस करण्याची त्याची रीत या मातीतली होती. बोकडाच्या मांसाचं पाणी करायचं, गोमांसाचं नाही, हे त्याने आवर्जून पाळलं. त्यावर साजूक तुपाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू तुपाच्या थेंबाला धरून वाढायचे आणि गुहेच्या छतावरून खडकाचे सुळके लोंबावेत तसे पाण्यात खाली लोंबायचे. भांडं हलवलं की सुळके तळाशी, वर पुन्हा नवे. पुरेसा साठा झाला की तापवून सगळे मारायचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप चढला आणि टोचलेली जागा सुजून ठणकू लागली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर तिची परीक्षा झाली.

लोक या तापाला घाबरले. टोचून घेतल्यावर दोन दिवस अंथरूण धरावं लागे, मजुरी बुडे, आणि सरकार विष टोचतंय या अफवेला त्यातून पुरावा मिळे. तापाचं कारण पक्कं कळायला मात्र पुढची शंभर वर्षं जावी लागली. जंतू मेला तरी त्याच्या बाहेरच्या आवरणातले स्निग्ध-शर्करेचे रेणू शाबूत असतात. टेक्सासमध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८मध्ये असे रेणू ओळखणारा पेशीवरचा ग्राहक शोधला, तोही अशा उंदरांच्या मदतीने ज्यांच्यावर या विषाचा काही परिणामच होत नव्हता. त्याच्याच भाऊबंद ग्राहकाचं प्रतिकारातलं काम दोन वर्षं आधी स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूल हॉफमान यांना फळमाशीत दिसलं होतं. तो बिघडला की माशीच्या अंगावर बुरशी माजते. माशी, उंदीर, माणूस सगळ्यांत तोच जुना दरवाजा. २०११चं नोबेल या दोघांना राल्फ स्टाइनमन यांच्याबरोबर मिळालं. हाफकिनला टोचलेल्या जागी आलेली सूज म्हणजे तो दरवाजा ठोठावल्याची खूण होती.

पण याच प्लेगने हमालीचा मुद्दाही पुढे आणला. पिसू चावते पायाला आणि गाठ येते जांघेत. जंतू मधलं अंतर कसं कापतो? गाठीपर्यंत पोहोचण्याच्या या प्रवासात तो काही काळ मॅक्रोफेज या मोठ्या भक्षक पेशींमध्ये तग धरून राहतो. नंतर तो आणखी पुढची खेळी करतो. इंजेक्शनच्या सुईसारखं एक सूक्ष्म यंत्र वापरून तो आपली प्रथिनं थेट भक्षक पेशीत घुसवतो, आणि तिची गिळण्याची क्रियाच बंद पाडतो. १९११ साली साठी ओलांडलेला मेचनिकॉफ काल्मिक लोकांच्या गवताळ प्रदेशात प्लेग आणि क्षयाचा अभ्यास करायला गेला होता. त्याच्या लाडक्या पेशींना सर्वात जास्त चकवणारे हे दोन रोग त्याने निवडले, हे त्याला साजेसंच होतं.

या क्षयापाशीच ललिता रामकृष्णन यांचं काम सुरू होतं. आईवडील दोघंही बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले शास्त्रज्ञ, भाऊ वेंकी रामकृष्णन रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे. ललिता यांनी बडोद्यात वैद्यकीय पदवी घेतली, अमेरिकेत संशोधन आणि संसर्गरोगांची प्रॅक्टिस असं दोन्ही केलं, आणि क्षयाचा अभ्यास करायला झेब्राफिश निवडला. दक्षिण आशियातल्या ओढ्या-नाल्यांत मिळणारा, निळ्या पट्ट्यांचा, बोटभरसुद्धा नसलेला हा मासा. त्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा आरपार दिसतं. शिवाय पहिले काही आठवडे त्याच्याकडे प्रतिपिंडांची फौज तयार नसते, फक्त भक्षक पेशी असतात. तारामाशाची अळी जशी रक्तवाहिन्यांचा गोंधळ वगळून मेचनिकॉफला उत्तर देऊन गेली, तसंच हे पिल्लू बाकी प्रतिकारयंत्रणा बाजूला ठेवून एकाच प्रश्नाचं उत्तर देतं. शास्त्रज्ञाचं अर्धं कसब योग्य प्राणी निवडण्यातच असतं, असं म्हणायला इथे जागा आहे.

क्षयरुग्णाच्या फुप्फुसात मॅक्रोफेज एकत्र येऊन जंतूंभोवती गाठ बांधतात. ही गाठ म्हणजे जंतूंना कोंडणारी भिंत, असं डॉक्टर पिढ्यान् पिढ्या शिकत आले. रामकृष्णन यांच्या गटाने माशांना होणाऱ्या क्षयाचा जंतू पिल्लांत सोडला. हा जंतू माणसाच्या क्षयजंतूचा जवळचा नातलग. मत्स्यालय साफ करणाऱ्यांच्या हातावरही कधी कधी फोड आणतो. जंतू हिरवे चमकतील अशी सोय केलेली. २००९मध्ये त्यांनी आणि म्यूज डेव्हिस यांनी जे प्रसिद्ध केलं ते असं: जंतूंनी भरलेला एक मॅक्रोफेज मरतो. त्याचं कलेवर खायला आजूबाजूचे अनेक नवे मॅक्रोफेज धावत येतात. कलेवराबरोबर जंतूही गिळले जातात. एका पेशीत होते ते आता अनेक पेशींत. त्यातल्या काही पेशी गाठ सोडून निघतात आणि दूर जाऊन नवी गाठ सुरू करतात. सुरुवातीच्या काळात तरी ही भिंत जंतूंना कोंडत नव्हती, त्यांना नवी घरं पुरवत होती. पुढे हेही दिसलं की जंतू स्वतःच आजूबाजूच्या पेशींना चिथावून मॅक्रोफेजना बोलावून घेतो. म्हणजे हमाल तो स्वतःच भाड्याने घेतो.

मग दाह दाबून टाकावा का? इथे प्रकरण अवघड होतं. २०१०मध्ये याच गटाने डेव्हिड टोबिन यांच्या पुढाकाराने असे मासे शोधले ज्यांच्यात एका जनुकाच्या बिघाडामुळे दाह पुरेसा होत नव्हता. त्यांच्यात जंतू मोकाट वाढले. दोन वर्षांनी उलटी बाजू समोर आली. तेच जनुक जास्त काम करू लागलं तर दाह भडकतो, मॅक्रोफेज फुटून मरतात आणि आतले जंतू बाहेर सांडून बेफाम वाढतात. कमी झालं तरी वाईट, जास्त झालं तरी वाईट. व्हिएतनाममध्ये क्षयामुळे मेंदूला सूज आलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर स्टेरॉइडचा फायदा ज्यांच्या जनुकांमुळे दाह जास्त होतो त्यांनाच प्रामुख्याने झालेला दिसला. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी सुमारे एक भारतातला, तेव्हा ही माशांची गोष्ट आपल्याला दूरची नाही. अर्थात जनुक बघून स्टेरॉइड द्यायचं की नाही ठरवावं, असा नियम दवाखान्यात आलेला नाही. या आजारात ते सगळ्यांनाच द्यावं अशीच शिफारस कायम आहे.

या सगळ्यात एक रेणू सारखा डोकावतो: टीएनएफ. मॅक्रोफेजने सोडलेली ही हाक. याच्या अतिरेकाने रुग्ण शॉकमध्ये जाऊ शकतो, हे बॉयटलर आणि अँथनी सेरामी यांनी ऐंशीच्या दशकात दाखवलं होतं. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात मार्क फेल्डमान आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी संधिवाताच्या रुग्णांच्या सांध्यांत हाच रेणू मुख्य गुन्हेगार असल्याचं ओळखलं आणि १९९२मध्ये त्याला निकामी करणारं प्रतिपिंड रुग्णांना दिलं. वर्षानुवर्षं सकाळी उठून बटण लावता येत नव्हतं अशा माणसांची सूज काही दिवसांत उतरली. औषधांच्या इतिहासात असा दिवस क्वचित येतो.

बिल यायचं होतं. २००१मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या इंजेक्शननंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांचा अहवाल छापला. बहुतेकांना औषध सुरू केल्यावर थोड्याच आठवड्यांत. त्यांच्या फुप्फुसांत वर्षानुवर्षं निजलेले जंतू टीएनएफ नाहीसा होताच जागे झाले. जी गाठ माशाच्या पिल्लात जंतूंना पसरवत होती, तीच मोठ्या माणसात त्यांना कोंडूनही ठेवत होती, आणि कोंडून ठेवण्याच्या कामाला टीएनएफ लागतो.

असाच हिशेब २०१७मध्ये हृदयविकारात निघाला. बोस्टनच्या पॉल रिडकर यांनी दहा हजारांहून जास्त रुग्णांवर अशा औषधाची चाचणी घेतली जे कोलेस्टेरॉलला हात लावत नाही, फक्त दाह कमी करतं. तपासलेल्या मात्रांपैकी एकीने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू, या सगळ्याचं प्रमाण मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटलं. म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठणाऱ्या चरबीच्या थरात दाहाचा हात आहे, हे सिद्ध झालं. त्याचबरोबर जीवघेणे जंतुसंसर्ग मात्र वाढले, आणि एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत.

कोविडने हा सगळा धडा घराघरांत पोहोचवला, फक्त फार महागात. जून २०२०मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने सांगितलं की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा नाही, उलट नुकसानाची शंका. चाचणीतली मात्रा होती रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. सीआरपी, डी-डायमर हे रक्तचाचण्यांचे शब्द तोवर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटांवर वरणभाताइतके रुळले होते, पण त्या निकालातला दुसरा भाग तिथे फारसा पोहोचला नाही. घरी ताप आला म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशी स्टेरॉइड सुरू झालं, मात्रा वाढली, दिवस लांबले. २०२१च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण हजारोंनी आले. स्टेरॉइडने वाढलेली साखर आणि स्टेरॉइडनेच थंडावलेल्या भक्षक पेशी, या दोन्हींचा फायदा एरवी निरुपद्रवी असलेल्या बुरशीने घेतला. अनेकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. डॅफ्नियाच्या पोटातला बीजाणू रक्तपेशी हरल्यावर काय करतो, हे मेचनिकॉफने १८८४मध्ये लिहून ठेवलंच होतं.

मेचनिकॉफला स्वतःला आपल्या पेशींचा विश्वासघात माहीत नव्हता असं मात्र नाही. उतारवयात तो म्हातारपणाच्या मागे लागला तेव्हा त्याचा मुख्य आरोप मॅक्रोफेजवरच होता. केस पांढरे होतात ते या पेशी त्यातला रंग खातात म्हणून, आणि मेंदूच्या चेतापेशींनाही त्याच गिळतात, असं तो म्हणे. केसांच्या बाबतीत तो चुकला. यावर उपाय म्हणून तो रोज आंबट दूध प्यायचा आणि जगाला प्यायला सांगायचा. बल्गेरियातल्या विरजणाने आतड्यातले सडवणारे जंतू दबतात असा त्याचा दावा होता. युरोपात त्यामुळे दह्याची लाट आली. जेवणाचा शेवट ताकभाताने करणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही, पण १९१६ साली तो गेला तेव्हा ७१ वर्षांचा होता. दीडशे वर्षं जगता येईल हे भाकीत काही खरं ठरलं नाही. वय वाढतं तसा शरीरात मंद दाह धुमसत राहतो, ही कल्पना मात्र इटलीच्या क्लाउदिओ फ्रान्चेस्की यांनी २०००मध्ये पुन्हा मांडली आणि ती टिकली आहे.

अळीत काटा खुपसल्यावर पेशींना तो आहे हे कळतं कसं, याचं एक उत्तरही झेब्राफिशच्या पिल्लातच मिळालं. २००९मध्ये हार्वर्डमध्ये फिलिप नीटहॅमर यांनी पिल्लाच्या शेपटीचं टोक कापलं तेव्हा जखमेच्या कडेला हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होताना दिसलं; पहिली पांढरी पेशी पोहोचण्याच्या आधीच. दशकभराने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रोनाल्ड जर्मेन यांच्या गटाने उंदराच्या ऊतींत लेसरने एकच पेशी जाळली. तिथले मुक्कामी मॅक्रोफेज हातपाय पसरून त्या मेलेल्या पेशीवर झाकण घालून बसले, आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बातमीच लागली नाही. मॅक्रोफेज आधी काढून टाकले, तर तेवढ्याशा इजेवर न्यूट्रोफिल्सचे थवे तुटून पडले आणि आजूबाजूची धडधाकट ऊतीही उद्ध्वस्त झाली. म्हणजे तीच पेशी गवगवा करते आणि तीच गवगवा दाबते. जखम किती मोठी आहे यावर ते ठरतं.

मुंबई-पुण्यात संधिवाताच्या रुग्णाला टीएनएफविरोधी इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टर आज छातीचा एक्स-रे काढायला लावतात, मांटू किंवा रक्तातली क्षयाची चाचणी सांगतात. जंतू दडून बसल्याची खूण निघाली तर आधी क्षयप्रतिबंधक गोळ्यांचा कोर्स सुरू होतो, आणि त्यानंतर काही आठवडे थांबून मगच इंजेक्शन. तोवर सांधे दुखतात ते दुखतातच, आणि ओपीडीत प्रश्न येतो की सूज उतरवायच्या औषधासाठी छाती कशाला तपासायची.